ब्रुक स्ट्रीटची दोन भाड्याची घरं आणि 'ओरिजिनल'चं खूळ

लंडनला जाऊन आलेल्या मंडळींमध्ये एक वाद हल्ली बऱ्याचदा ऐकतो. मेफेअरमधल्या ब्रुक स्ट्रीटवर नंबर २५ आणि नंबर २३ अशी एकमेकांना चिकटून दोन जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या जॉर्ज राजांच्या काळातली, घरं आहेत. २५ मध्ये संगीतकार जॉर्ज फ्रिडरिक हँडेल १७२३ पासून १७५९ मध्ये मरेपर्यंत राहिला, आणि मधल्या भिंतीपलीकडे, २३ च्या वरच्या मजल्यांवर, १९६८-६९ मध्ये रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स राहिला. आता दोन्ही घरं मिळून एक म्युझियम आहे. शास्त्रीय संगीतवाले म्हणतात की जिथे 'मसायाह' ही हँडेलची सगळ्यात गाजलेली रचना लिहिली गेली त्याच्या शेजारी गिटार पेटवणाऱ्याची खोली कसली मांडता, सगळा तिकीटविक्रीचा धंदा. दुसरे स्वतःला फार डोळस समजतात, ते म्हणतात अहो तिथे खरं आहेच काय, हँडेलच्या घरातला जिना सोडला तर सगळं रेप्लिका, लाकडी पॅनेलिंग नवं, फायरप्लेस दुसरीकडून आणलेली, आणि हेंड्रिक्सच्या खोलीतले पडदेसुद्धा फोटो बघून शिवलेले. मला हे दोन्ही वाद फालतू वाटतात, कारण दोघांनीही धरून चाललंय की ती घरं म्हणजे त्या दोन मोठ्या माणसांच्या पादुका आहेत. नाहीयेत. ती बिल्डरने अनोळखी भाडेकरूंसाठी उभी केलेली घरं आहेत, त्यांच्या आर्किटेक्चरची सगळी गंमत तिथेच आहे, आणि एवढं एक मान्य केलं तर शेजारशेजारच्या दोन घरांत एक मजला १७४० च्या आसपासचा आणि एक मजला १९६९ चा असं जे केलंय ते मला तरी बरोबर वाटतं. एक तक्रार आहे, ती शेवटी.

आधी ही घरं बांधली कशी गेली ते बघायला पाहिजे, कारण ते न बघताच लोक 'ओरिजिनल ओरिजिनल' करतात. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये निकोलस बार्बनसारख्या लोकांनी जो धंदा बसवला तो आपल्या बिल्डरांना एका मिनिटात समजेल. जमीन कुठल्यातरी सरदाराची किंवा संस्थेची, ती विकायची नाही, लीजवर द्यायची. बिल्डर रस्त्यालगतची लांबी तुकड्यातुकड्यांनी घेणार, घर उभं राहीपर्यंतचं पहिलं वर्ष-दोन वर्षं नाममात्र भाडं, कागदावर अक्षरशः मिरीचा एक दाणा लिहिलेला असायचा, आणि तेवढ्या मुदतीत भिंती आणि छप्पर उभं करून आतलं फिनिशिंग व्हायच्या आत लीज दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. रोख पैसा कोणाकडेच नाही, म्हणून गवंडी सुताराच्या घराच्या भिंती बांधणार आणि बदल्यात सुतार गवंड्याच्या घराची दारं-खिडक्या करून देणार. ब्रुक स्ट्रीटचा हा तुकडा १७२० नंतर जॉर्ज बार्न्स नावाच्या बिल्डरने असाच बांधला, हॅनोव्हर स्क्वेअर नवा नवा होता, पलीकडचं सेंट जॉर्ज चर्च १७२५ ला उघडायचं होतं, म्हणजे एरिया 'अप कमिंग', चालू ब्रोशरच्या भाषेत. घराचा नकाशाही ठरलेला. दर्शनी बाजू अरुंद, खोली मागे लांब, प्रत्येक मजल्यावर पुढे एक मोठी खोली, मागे एक लहान, बाजूने वळणारा जिना, मागच्या खोलीला लागून कोठडीएवढं छोटं दालन, तळघरात स्वयंपाकघर. कोण राहणार ते माहीत नाही, तो काय करणार ते तर अजिबातच माहीत नाही. हँडेलसाठी एक वीटसुद्धा वेगळी लावली नव्हती, तो फक्त पहिला भाडेकरू.

आणि चेहरे सगळ्यांचे सारखे का, तर अर्धं कारण कायदा. आगीच्या भीतीने १६६७ च्या कायद्याने रस्त्याच्या रुंदीप्रमाणे घरांचे वर्ग आणि भिंतींची जाडी ठरवली, १७०७ च्या कायद्याने छपराखालच्या लाकडी कॉर्निसला, म्हणजे पुढे आलेल्या पट्टीला, बंदी घातली म्हणून भिंत छपराच्या वर नेऊन कठडा करायची पद्धत आली, १७०९ मध्ये खिडकीची लाकडी चौकट विटांच्या तोंडापासून चार इंच आत बसवा असं सांगितलं. आज आपण ज्याला जॉर्जियन 'शालीनता' म्हणून वाहवा करतो, त्या सपाट विटांच्या भिंतीत जराशा आत ओढलेल्या उंच खिडक्या, तो बराचसा फायर ब्रिगेडचा नियम आहे! (नियम सगळ्यांनी पाळले असं समजू नका, बिल्डर तेव्हाही बिल्डरच होते.) आणि त्या सुंदर भिंतीच्या आत काय असतं ते दुरुस्तीवाल्यांना विचारा. दर्शनी पदराला चांगली वीट, आतल्या पदराला स्वस्त कच्ची वीट, दोन पदर एकमेकांना नीट बांधलेले नाहीत, कारण आडवी घालायची महागडी वीट अर्धी तोडून नुसतं तोंड दाखवलेलं, शिवाय भिंतीत लाकडी पट्ट्या घातलेल्या त्या दीडशे-दोनशे वर्षांत कुजतात. लीज संपेपर्यंत टिकलं म्हणजे झालं, एवढाच हिशोब. तीनशे वर्षं हे उभं राहील असं तर बार्न्सच्याही डोक्यात नसणार.

आता अशा घराचा जिना चढताना एक गोष्ट हाताला कळते. खाली, जिथपर्यंत पाहुणे येणार तिथपर्यंत, कठड्याचे खांब कोरीव, पायरीच्या बाजूला नक्षी, भिंतीच्या पॅनेलला नीट काढलेली किनार. पहिल्या मजल्यावर छत सगळ्यात उंच, खिडक्या सगळ्यात मोठ्या, कारण तो मिरवायचा मजला. दुसऱ्या मजल्यावर शोभा कमी. त्याच्या वर गेलात की नक्षी गायब, पायऱ्या अरुंद, छत डोक्याशी, आणि तिथे नोकर झोपायचे. म्हणजे बिल्डरने समाजाची उतरंड उभी करून ठेवली होती, फक्त उलटी, हलके लोक वर. लाकूड बाल्टिककडून आलेलं स्वस्त पाइन, म्हणून उघडं ठेवायचं नाही, रंगवायचंच, आजच्या लोकांना उघडं लाकूड 'ऑथेंटिक' वाटतं आणि ते खरवडून खरवडून लोकांनी कित्येक जॉर्जियन घरांची वाट लावलीय, पण तो वेगळा लेख होईल.

या उतरंडीत आता आपले दोन भाडेकरू बसवून बघा. हँडेल जर्मन, परदेशी माणसाला तेव्हा इंग्लंडमध्ये जमीनजुमला घेता येत नव्हता, लांब मुदतीची लीजसुद्धा नाही, म्हणून वर्षाला ५० पौंड भाडं. १७२७ मध्ये तो कायद्याने ब्रिटिश झाला, हातात पैसा होता, तरी घर घेतलं नाही, भाड्यानेच राहिला. पण नकाशा त्याने बरोबर वापरला. पहिल्या मजल्यावरची पुढची मोठी खोली, जिथे दुसऱ्या कोणी पत्त्यांचे डाव मांडले असते, तिथे गायकांच्या तालमी, आणि मागच्या लहान खोलीत बसून लिखाण, १७४१ मध्ये ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत २४ दिवसांत 'मसायाह' तिथेच उतरलं. भिंतीला भिंत लावून शेजारी, आणि हा माणूस तालमी घेतोय, शेजाऱ्यांचं काय होत असेल कोणास ठाऊक! हेंड्रिक्सची गोष्ट बरोबर उलटी. १९६८ च्या जुलैमध्ये तो मैत्रिणीबरोबर २३ नंबरच्या वरच्या फ्लॅटमध्ये आला, खाली रेस्टॉरंट, भाडं आठवड्याला ३० पौंड, पडदे आणि उशा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जॉन लुईसमधून आणल्या. बार्न्सच्या हिशोबात तो नोकरांचा भाग. फेब्रुवारी १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉल भरवणारा माणूस ब्रुक स्ट्रीटवर कुठे राहत होता, तर जिथे दोनशे वर्षांपूर्वी मोलकरीण राहिली असती तिथे. हे बघितल्यावर 'हँडेलच्या बरोबरीला हेंड्रिक्स कशाला' हा प्रश्न मला विनोदी वाटतो. घरानेच दोघांना वेगवेगळ्या मजल्यावर बसवलंय की, बरोबरी कोण करतंय? आणि ज्याची तुम्हाला चीड येते त्या हेंड्रिक्सने शेजारी हँडेल राहायचा हे कळल्यावर जवळच्या दुकानात जाऊन हँडेलच्या रेकॉर्डस् विकत आणल्या होत्या, तेवढा मोकळेपणा आपल्या शास्त्रीयवाल्यांनी उलट्या बाजूने कधी दाखवलाय का?

आता रेप्लिकावाल्यांकडे येतो, कारण त्यांच्या बोलण्यात दम आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रिस्टोरेशनच्या नावाखाली चर्चेसचा जो सत्यानाश झाला, नंतरच्या शतकांची कामं तोडून 'शुद्ध' मध्ययुगीन म्हणून नवीन दगड बसवले गेले, त्याच्या विरोधात कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, आणि तिचं म्हणणं सरळ होतं, की डागडुजी करा, गळकं छप्पर बंद करा, पण जे गेलं ते परत बनवू नका, कारण तुम्ही बनवाल ते तुमच्या काळाचं असेल, आणि वर ते खोटं बोलत असेल. हा मुद्दा आजही खोडता येत नाही. हँडेलचं घर त्यात अगदी चपखल सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने त्याचं दुकान केलं, आतल्या भिंती काढल्या, पॅनेलिंग काढलं, तळमजल्याचा चेहरा बदलला. त्याआधी एकोणिसाव्या शतकात वरच्या माळ्याचा पूर्ण मजला केला गेला होता. म्हणजे २००१ मध्ये म्युझियम उघडताना जुन्या घराचा जिना तेवढा हाती होता, बाकी त्याच काळातल्या दुसऱ्या घरांवरून, दुसऱ्या घरांतल्या वस्तूंवरून जुळवलं. मॉरिसने बघितलं असतं तर दारातून परत गेला असता.

पण मॉरिसचा नियम चर्चचे हाल बघून सुचलेला होता, आणि चर्च एकेकटं असतं. टेरेस घर, म्हणजे भिंतीला भिंत लावून रांगेत बांधलेलं घर, एकेकटं नसतंच! गावातल्या एका चर्चचं गेलेलं कोरीवकाम काय होतं हे शेजारच्या गावातलं चर्च सांगू शकत नाही, प्रत्येकाचा कारागीर वेगळा, जीव वेगळा. पण त्याच रांगेतल्या, त्याच सालातल्या, त्याच कायद्याखालच्या, त्याच बिल्डरी डोक्यातून निघालेल्या घरात एकीकडे गेलेली गोष्ट दुसरीकडे शिल्लक असते. पायरीची रुंदी, पॅनेलचे भाग, खिडकीच्या आतल्या झडपा, दोन खोल्यांमधली भिंत कुठे, चुलाण कुठल्या बाजूला, ह्यात कल्पनाशक्ती लावावी लागत नाही, कारण ते बांधणाऱ्यानेही ती लावली नव्हती. जी गोष्ट मुळातच साच्यातून निघाली ती त्याच साच्यावरून परत काढली तर कुठल्या कलावंताचा अपमान झाला? ह्याला कोणी फसवणूक म्हणणार असेल तर बार्न्सने एकसारखी घरं बांधली तेव्हाच फसवणूक झाली असं म्हणावं लागेल.

शिवाय हँडेलच्या बाबतीत आणखी एक पुरावा आहे जो राजवाड्यांनाही सहज मिळत नाही, तो म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १७५९ मध्ये केलेली घरातल्या सामानाची यादी. खोलीवार यादी, अगदी भांडीकुंडी, पलंगाचे किरमिजी पडदे, खुर्च्या. ही यादी का झाली ते जास्त इंटरेस्टिंग आहे. जॉन दुबर्क म्हणून हँडेलचा नोकर होता, हँडेलने त्याला मृत्युपत्रात ५०० पौंड आणि स्वतःचे कपडे ठेवले होते, ह्या दुबर्कने घरातलं सामान ४८ पौंडांना विकत घेतलं आणि घराचं भाडंपत्रसुद्धा पुढे स्वतः चालवलं. म्हणजे आज त्या खोल्या कशा मांडायच्या हे आपल्याला कळतं ते नोकर मालकाच्या जागी भाडेकरू झाला म्हणून. हेंड्रिक्सच्या खोलीसाठी फोटो आहेत, तिथे राहिलेल्या मैत्रिणीच्या आठवणी आहेत. आणि रेप्लिकावाल्यांना एक विचारायचंय, हीच खोली २०१६ मध्ये उघडली त्याच्या आधी म्युझियमचं ऑफिस होती, टेबलं खुर्च्या कागद फायली, ती अवस्था शंभर टक्के ओरिजिनल होती, ती बघायला तिकीट काढलं असतं का तुम्ही? वॉर्सातला जुना भाग दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झाला, पोलिश लोकांनी अठराव्या शतकातली चित्रं आणि नकाशे समोर ठेवून तो परत बांधला, आणि १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं, रेप्लिका आहे हे माहीत असून. पुराव्यावर बांधलेलं आणि उघड सांगितलेलं असेल तर त्यात लपवाछपवी कुठे आली?

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. २०२३ च्या मे महिन्यात म्युझियम परत उघडलं तेव्हा हँडेलच्या घराचा तळमजला आणि तळघर पहिल्यांदा लोकांसाठी खुलं झालं, दुकानाचा दर्शनी भाग जाऊन घराचा जुना चेहरा आणि दार परत आलं, तळघरात स्वयंपाकघर मांडलं. सगळे खूश. पण शंभरेक वर्षं तिथे जे दुकान होतं तो काय इतिहास नव्हता का? मेफेअर राहायच्या वस्तीचं खरेदीच्या वस्तीत कसं बदललं ह्याचा तो पुरावाच होता, आणि भाडेकरूंच्या बाजूने एवढं बोलणाऱ्या मी दुकानदार भाडेकरूला मात्र हाकलायचं, हे कुठे बसतं? हा आक्षेप अर्धा मला मान्य आहे. बाकीचा अर्धा नाही, त्याचं कारण सांगतो. त्या दुकानामुळे आधी म्युझियमला मागच्या बोळातून आत शिरावं लागायचं. रस्त्याच्या बाजूने तोंड असणं, दारातून बैठकीत, बैठकीतून जिन्याकडे आणि जिन्यावरून मिरवायच्या मजल्यावर जाणं हा ह्या घराचा अर्थ आहे, बाकी सगळी शोभा त्या चालण्याच्या क्रमावर बेतलेली आहे. मागच्या दाराने वर चढवलेलं जॉर्जियन घर म्हणजे कादंबरी सातव्या प्रकरणापासून वाचायला देणं. आणि मेफेअरमध्ये दुकानांचे दर्शनी भाग बघायचे असतील तर दोन मिनिटं चालून बाँड स्ट्रीटला जा, कमी पडणार नाहीत. अशा रांगेतल्या घराचं तळघरापासून वरपर्यंतचं चित्र लोकांना बघायला मिळणं दुर्मिळ आहे, दुकान दुर्मिळ नाही. दुर्मिळ काय हे बघूनच निवड करावी लागते.

मग काही जण म्हणतात हेंड्रिक्स तिथे किती राहिला, काही महिने, १९६९ च्या मार्चमध्ये तर अमेरिकेला गेलासुद्धा. बरं मग? मोठी माणसं राहिलेल्या घरांवर पाट्या लावायची लंडनची निळ्या पाट्यांची योजना १८६७ मध्ये कवी बायरनच्या होलिस स्ट्रीटवरच्या जन्मघरापासून सुरू झाली, आणि १८८९ मध्ये ते घर पाडलं, पाटीसकट. बायरन त्या घरात किती दिवस होता असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कारण जन्म म्हटलं की सगळे गप्प. काळ मोजून मोठेपणा ठरवायचा असेल तर आपलीच अडचण होईल. बाबासाहेब आंबेडकर प्रिमरोझ हिलच्या १०, किंग हेन्रीज रोडला १९२१-२२ मध्ये राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करताना, एक भाडेकरू विद्यार्थी म्हणून. टिळक १९१८-१९ मध्ये हाऊली प्लेसला राहिले, तेही तसेच. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये आंबेडकरांचं घर ३० लाख पौंडांच्या वर किंमत देऊन घेतलं तेव्हा ते एक साधं रांगेतलं घरच होतं. आणि पुढे कॅमडेन कौन्सिलने राहत्या घराचं म्युझियम करायला परवानगी नाकारली, शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. आपल्याकडे तेव्हा हे सगळं 'अपमान' ह्या एकाच शब्दात गुंडाळलं गेलं. मला परवानगी मिळाली ह्याचा आनंदच झाला, पण कौन्सिलचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. रांगेतलं घर म्हणजे भिंत वाटून घेणं, तुमच्याकडे बसभर माणसं आली की आवाज शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये, आणि राहतं घर कमी झालं की शहरात राहायची एक जागा कमी. ब्रुक स्ट्रीटला हा प्रश्न आला नाही कारण तिथे राहणारे केव्हाच निघून गेले होते. टेरेस घराचं म्युझियम करताना खरा भांडायचा मुद्दा हा आहे, आणि आपण भांडतोय हेंड्रिक्सच्या पडद्यांवरून.

शेवटचा आक्षेप, म्हणजे 'एवढी साधी घरं, त्यात बघायचं काय, त्यापेक्षा बाथला जा'. जा की, तिथली रॉयल क्रेसेंट ही चंद्रकोरीसारखी घरांची रांग बघण्यासारखीच आहे. पण हीच 'त्यात काय एवढं' वृत्ती लंडनला महागात पडली. अठराव्या शतकातल्या आर्किटेक्ट अॅडम बंधूंनी बांधलेल्या अॅडेल्फी वस्तीची नदीकडची रांग १९३६ मध्ये पाडली तेव्हा कुठे लोक जागे झाले आणि १९३७ मध्ये अशा इमारती वाचवणारी जॉर्जियन ग्रुप ही संस्था निघाली. १९७७ मध्ये स्पिटलफील्ड्सला एल्डर स्ट्रीटवरची ५ आणि ७ नंबरची घरं, ह्यांच्यासारखीच १७२० च्या दशकातली जोडी, बिल्डर कंपनी पाडायला निघाली होती, काही इतिहासप्रेमी मंडळी त्यात घुसून ठाण मांडून बसली म्हणून ती वाचली. तिथे कोणी हँडेल राहिला नव्हता. मला ते उदाहरण ब्रुक स्ट्रीटपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण मोठ्या माणसाची पाटी नसताना नुसत्या घरासाठी लोक भांडले. अर्थात वाचल्यावर त्या भागाच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, ज्यांच्यासाठी ती घरं बांधली त्या थरातला माणूस आज तिथे एक खोली घेऊ शकत नाही, हेही तितकंच खरं आणि त्याचं उत्तर घरं पाडण्यात नाही.

आता माझी तक्रार. म्युझियमने दोन तारखा निवडल्या ते ठीक, पण १७५९ आणि १९६८ च्या मधली दोनशे वर्षं जिन्यात तरी दिसायला पाहिजेत. एखाद्या भिंतीचा तुकडा नव्या पॅनेलशिवाय उघडा ठेवा, स्वस्त वीट आणि कुजकी लाकडी पट्टी लोकांना दिसू दे, दुकानाच्या काळात भिंत कुठे तोडली ते दाखवा, वाढवलेला मजला कुठून सुरू होतो ते दाखवा. आणि दुबर्कला हँडेलच्या गोष्टीतलं शेपूट म्हणून नको, त्या घराचा पुढचा भाडेकरू म्हणून त्याची स्वतःची खोली द्या, कारण मालकाच्या मागोमाग नोकराने तेच घर चालवायला घेतलं हे बार्न्सच्या नकाशात कुठेच बसत नव्हतं, आणि तरी त्याच भिंतींमध्ये ते झालं.